लढाई इतिहासात, मग कर्ज कुठल्या तासाला?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एनसीईआरटीच्या आठवीच्या सामाजिक शास्त्राच्या नव्या पुस्तकातल्या एका नकाशावरून वाद पेटला. मराठा साम्राज्याच्या रंगात जैसलमेरही रंगवलं होतं. तिथल्या माजी राजघराण्याने हरकत घेतली, एनसीईआरटीने तज्ज्ञांची समिती नेमली आणि आमच्या साताऱ्याच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. त्याआधी सातवीच्या पुस्तकातून मुघल आणि दिल्लीचे सुलतान वगळल्यावरून असंच रण माजलं होतं. मी राहते अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ. आमची सकाळ होते तेव्हा तिकडे संध्याकाळ झालेली असते, त्यामुळे घरचे वाद माझ्यापर्यंत पोचतात ते चांगले तापलेलेच.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. शाळेत जात नाही, घरीच शिकते. तिने तो नकाशा बघितला आणि म्हणाली, "फौज तिथवर गेली की नाही ते तुम्ही ठरवा. पण गेली असेल तर पगार कुठून दिला?"

मी तो प्रश्न जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. दादाचं लगेच उत्तर आलं : चौथाईतून. बरोबर आहे. महसुलाचा चौथा हिस्सा चौथाई, वर दहावा हिस्सा सरदेशमुखी, हे आम्ही सगळ्यांनी पाठ केलेलं. पण वसुली होते मोहिमेनंतर आणि घोड्यांना चंदी लागते मोहिमेआधी. मधले महिने कसे काढायचे? त्याचं उत्तर आमच्या घराच्या अगदी जवळ होतं. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे पहिल्या बाजीरावांचे गुरू. शाळेच्या सहलीत आम्हाला एवढंच सांगितलं गेलं. ते बाजीरावांचे सावकारही होते, हे कुणी सांगितलं नाही. बाजीरावांनी त्यांना लिहिलेल्या पत्रात कर्जाचं रडगाणं आहे : सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी गेली, अशा अर्थाचं. ज्यांच्या घोडदौडीचे आपण पोवाडे गातो, त्यांना रात्री झोप लागत नव्हती ती सावकारांच्या तगाद्याने. मला तरी यात बाजीराव लहान झालेले दिसत नाहीत, उलट माणूस म्हणून जवळचे वाटतात. ग्रुपवर मात्र एका काकांनी विचारलं, "हे आत्ताच काढायची काय गरज होती?"

आता शाळेत न जाण्याबद्दल. पेनसिल्व्हेनियात १९८८ पासून होमस्कूलिंगचा कायदा आहे आणि अमेरिकेतल्या कडक कायद्यांत तो मोडतो. टेक्सासमध्ये कुणाला कळवावंही लागत नाही. इथे दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत शाळा-जिल्ह्याकडे प्रतिज्ञापत्र द्यायचं, वर्षाला १८० दिवस किंवा मोठ्या वर्गांना ९९० तास शिकवल्याची नोंद ठेवायची, तिसरी-पाचवी-आठवीत प्रमाणित चाचणी द्यायची आणि शेवटी मुलाच्या कामाची फाईल एखाद्या पात्र शिक्षकाला दाखवून त्याचा दाखला ३० जूनपर्यंत जमा करायचा. विषयांच्या यादीत अमेरिकेचा, पेनसिल्व्हेनियाचा आणि जगाचा इतिहास आहे. आगीपासून बचाव हाही विषय आहे, तोही दरवर्षी. का, ते मला आजवर कळलेलं नाही, पण आमच्या घरात आग कशी विझवायची हे पोरीला नवऱ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

याच राज्याने २०२३ मध्ये आणखी एक कायदा केला. २०२६-२७ पासून इथल्या सरकारी हायस्कुलात वैयक्तिक अर्थव्यवहाराचा वेगळा कोर्स सक्तीचा. बजेट, क्रेडिट स्कोअर, चक्रवाढ व्याज, विमा, शिक्षणकर्ज, कर. आम्हाला तो सक्तीचा नव्हता, तरी आम्ही घेतला. टेबल एकच, शिकवणारीही एकच, त्यामुळे दोन विषयांची वह्यापुस्तकं एकमेकांत मिसळायला वेळ लागला नाही.

मिसळायला पेनसिल्व्हेनियासारखी जागा नाही. हे राज्यच मुळी एका थकलेल्या कर्जातून जन्मलं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ॲडमिरल पेनचे सोळा हजार पौंड देणं लागत होता. रोख देण्याऐवजी त्याने १६८१ मध्ये ॲडमिरलच्या मुलाला, विल्यम पेनला, समुद्रापलीकडची जमीन लिहून दिली. ती त्याची होती का, हे तिथे राहणाऱ्या लेनापी लोकांना कुणी विचारलं नाही. पुढे हाच विल्यम पेन लंडनमध्ये कर्जापायी तुरुंगात जाऊन आला. मग रॉबर्ट मॉरिस. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर याची सही आहे. १७८१ मध्ये वॉशिंग्टनची फौज इंग्रजांशी लढायला यॉर्कटाउनला निघाली तेव्हा तिजोरीत खडखडाट होता आणि मॉरिसने स्वतःची पत पणाला लावून, स्वतःच्या सहीच्या हुंड्या काढून ती मोहीम उभी केली. त्यानंतर जमिनींच्या सट्ट्यात तो असा बुडाला की १७९८ ते १८०१ फिलाडेल्फियातल्या कर्जदारांच्या तुरुंगात होता. खुद्द वॉशिंग्टन तिथे जाऊन त्याच्याबरोबर जेवून आले.

मुलीने फाईलमध्ये मॉरिसवर चार पानं लिहिली. तिचं म्हणणं थोडक्यात असं : अर्थव्यवहाराच्या पुस्तकातला प्रत्येक नियम या माणसाला माहीत होता, कारण त्यातले काही त्यानेच घालून दिले होते, आणि तरी तो बुडाला. मग पुस्तक असं का लिहितं, की नियम माहीत असले की माणूस तरतो? आमच्या परीक्षक बाईंनी समासात लिहिलं, "हे इतिहासात धरू की अर्थव्यवहारात?" मुलीने दोन्हीकडे तास लावले होते. बाईंनी ते चालवून घेतले.

दुसरं उदाहरण बेंजामिन फ्रँकलिनचं. १७९० मध्ये वारताना त्याने फिलाडेल्फिया आणि बॉस्टनला प्रत्येकी हजार पौंड ठेवले. होतकरू कारागिरांना पाच टक्क्यांनी कर्ज द्यायचं, परत आलेलं पुन्हा फिरवायचं, शंभर वर्षांनी बरंचसं काढायचं, उरलेलं दोनशे वर्षांनी. चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या इथल्या प्रत्येकाची ही लाडकी गोष्ट. १९९० मध्ये हिशोब झाला तेव्हा फिलाडेल्फियाच्या खात्यात वीसेक लाख डॉलर होते आणि बॉस्टनच्या खात्यात त्याच्या दुपटीहून अधिक. मुद्दल तेवढंच, मुदत तेवढीच. फरक पडला तो पैसा कुणी सांभाळला, कुणाला दिला आणि किती बुडाला यात. एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं; तिच्या कॅल्क्युलेटरमध्ये रेघ कशी गुळगुळीत वर जाते. त्या रेघेत माणसं नसतात.

हे तिकडच्यांना सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडेही आता 'शाळेत पैसा शिकवा' हा आग्रह वाढलाय. वाढायलाच हवा. दरमहा पंचवीस हजार कोटींहून जास्त रक्कम एसआयपीतून बाजारात जाते, तिथे शाळेने दसादशे सरळव्याजावर थांबणं बरं नाही. पण जे शिकवायचं म्हणतात ते इथल्या कोर्सचीच नक्कल असतं : बचत करा, लवकर सुरुवात करा, शिस्त पाळा. माझा भाचा इंजिनीअर आहे, रोज शेअरबाजारात ऑप्शन, म्हणजे वायद्याचे सौदे, खेळतो. मुलीने त्याला १८६५ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शेअरचा जुगार सुरू झाला, प्रेमचंद रायचंद त्याचा राजा. समुद्र बुजवायच्या बॅकबे कंपनीच्या शेअरवर लोकांनी घरं लावली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं आणि काही महिन्यांत सगळं कोसळलं, पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही बसली. आईच्या नावाने प्रेमचंदने ज्याला देणगी दिली, तो राजाबाई टॉवर तेवढा उभा आहे.

भाचा म्हणाला, "तेव्हा सेबी नव्हती गं." तिने त्याला सेबीचाच, म्हणजे शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचाच, अहवाल पाठवला : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदेबाजारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. त्याचं उत्तर : "मी उरलेल्या सात टक्क्यांत आहे." असेलही. आत्याने भाच्याच्या खात्यात डोकावू नये.

त्याच यादवी युद्धातलं गेटिसबर्गचं रणांगण आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. तिथल्या मैदानावर हिंडताना गाइड १८६३ च्या जुलैतले तीन दिवस मिनिटामिनिटाने सांगतो, कुठली तोफ कुठे होती तेही. त्या युद्धाची एक शेपूट पुणे जिल्ह्यात सुप्यापर्यंत गेली, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. पण सुप्याच्या मुलांना तरी ठाऊक आहे का? कापसाच्या तेजीत कर्ज सहज मिळत होतं. भाव पडले तसा सावकाराने हात आखडला, त्याच सुमारास सरकारने नव्या आकारणीत शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हव्या होत्या वह्या आणि कर्जरोखे, ते त्यांनी जाळले. लोण पुणे-नगरच्या गावांत पसरलं आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कर्जमाफी, सावकारी, आत्महत्या यांवर महाराष्ट्रात रोज बोललं जातं. या बोलण्याला दीडशे वर्षांचं मूळ आहे आणि तरी आपले इतिहासाचे वाद राहतात कोण कुणाला भारी पडलं, एवढ्यावर.

तिकडचे काही मित्र यावर म्हणतात, मग होमस्कूलिंगच भारी, आपल्याकडेही आणू या. मला ते पटत नाही. आमचं जमलं कारण मी घरी होते. मी आले एच-४ व्हिसावर, नवऱ्याच्या नोकरीला जोडलेली. कामाची परवानगी नव्हती. एका शिकल्यासवरल्या बाईचे बिनपगारी तास या शिक्षणाखाली गाडलेले आहेत आणि कुठल्याही जमाखर्चात ते दिसत नाहीत. शिवाय इथल्या होमस्कूलिंगवाल्यांत असेही पुष्कळ आहेत ज्यांना मुलांच्या कानावर दुसरी बाजू पडूच द्यायची नाही. काही पाठ्यपुस्तकं मी उघडून लगेच मिटली आहेत. महाराष्ट्रात कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा बंद करून समूह शाळा करायचं घाटत असताना 'घरीच शिकवा' हा सल्ला कुणाच्या सोयीचा ठरेल, हे सांगायला नको. ज्याला खरंच गरज आहे त्याला मुक्त विद्यालयाची वाट आजही आहे.

आणि इथला पैशाचा धडाही सगळ्यांना सारखा लागू नाही, हे मुलीला पुस्तकाच्या तिसऱ्याच प्रकरणात कळलं. 'उन्हाळ्यात नोकरी करा, पहिल्या पगारातून निवृत्ती खातं उघडा.' ती एच-४ वर आहे; तिला एक डॉलर कमावणंही बेकायदा. पगार नाही म्हणून ते खातं नाही. 'कॉलेजसाठी सरकारी मदतीचा अर्ज भरा.' तिला केंद्र सरकारची ती मदत नाही. भारतात जन्मलेल्यांच्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब, की तिचा एकविसावा वाढदिवस आधी येईल आणि त्या दिवशी तिचा आश्रित दर्जा संपेल. त्या प्रकरणाखालच्या स्वाध्यायात 'तुमची पाच वर्षांची आर्थिक योजना लिहा' असं होतं. तिने लिहिलं : "पहिली साडेचार वर्षं, शून्य उत्पन्न. पुढचं सहा महिन्यांचं, देश ठरल्यावर." परीक्षक बाईंनी पूर्ण गुण दिले, आणि मग फोन करून मला विचारलं, हे खरं आहे का.

दादाचं मत, पोरीला साताऱ्याला पाठव, अकरावीला घाल. तिलाही ते वाईट वाटत नाही. अडतं ते कुठल्या शाखेला, इथे. कॉमर्स घेतलं तर हिशोब येतील, इतिहास दहावीत सुटेल. आर्ट्स घेतलं तर इतिहास राहील आणि ताळेबंद कधी डोळ्यांनी दिसणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात शाखांच्या भिंती पाडायचं २०२० पासून लिहिलेलं आहे. दादाने ओळखीच्या एका ज्युनियर कॉलेजात चौकशी केली, अकाउंट्स आणि इतिहास एकत्र मिळेल का म्हणून. खिडकीतल्या क्लार्कने आधी वेळापत्रक बघितलं, मग दादाकडे, आणि म्हणाला, "दोन्हीचे तास एकाच वेळी असतात, साहेब. आजवर कुणी मागितलं नाही."