"सकाळी बघू"

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोप येणार नाही हे माहीत आहे, म्हणून लिहायला बसले. एका दमात लिहितेय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

नऊच्या सुमारास कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले होते. माझ्यापुढे एक जोडपं होतं. आईच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांचा मुलगा, अंगात शाळेचा स्वेटर. वडील खोकल्याचं औषध मागत होते, "मागच्या वेळी दिलेलं तेच द्या." मुलगा फारसा खोकतही नव्हता. पण दर श्वासाला त्याच्या गळ्याखालची खळी आत ओढली जात होती आणि नाकपुड्या फुलत होत्या. मी विचारलं, "बाळा, नाव काय रे तुझं?" त्याने पहिलं अक्षर उच्चारलं, श्वास घेतला, मग दुसरं उच्चारलं. दोन अक्षरांचं नाव.

मी म्हटलं, अहो, याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, हे बाटलीने थांबणारं नाही. वडील म्हणाले, "थंडी पडली की होतं त्याला असं. दोनदा गरम पाण्याची वाफ दिलीय. आता सकाळी बघू." मी पुन्हा सांगितलं. तर म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

नाही, मी डॉक्टर नाही. 2006 साली दम्याचा झटका आलेल्या माझ्या दादाच्या खाटेशेजारी मी बसले होते, एवढंच माझं शिक्षण.

तुमच्यापैकी बरेच जण दादाला ओळखत होते. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव. दिवाळी नुकतीच झालेली, ऊसतोड सुरू, आणि आमच्या मागच्या रानात कुणीतरी पाचट पेटवलेलं. संध्याकाळी तो धूर गावावर येऊन बसला. दादा सत्तावीस वर्षांचा. जेवायच्या वेळेपासून त्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. आईने ओव्याचं तेल चोळलं, गवती चहा दिला. दम लागला की तोंडाने ओढायचा निळा पंप त्याच्या उशाशीच असायचा. तो त्याने दहा-बारा वेळा तरी मारला असेल. दर वेळी अर्धा तास बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

दादा खाटेचा गज धरून पुढे वाकून बसला होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं. "आई..." म्हणायचा, थांबायचा, "दार..." म्हणायचा, पुन्हा थांबायचा. आणि आम्ही सगळे त्याला काय सांगत होतो? बोलू नकोस रे, बोललं की दम लागतो. त्याला वाक्य पुरं करता येत नव्हतं, आणि आम्ही त्याला गप्प करत होतो!

आमच्या घरी काका-काकू, शेजारी, सगळे जमलेले. काका म्हणाले, "एवढ्या रात्रीचं कुठं नेताय? तांबडं फुटलं की निघू." सकाळी बघू. तेच ते वाक्य.

म्हणून आज माझा पारा चढला. मेडिकलवाल्यासमोर आवाज चढवला मी, त्याबद्दल वाईट वाटतंय. पण थोडंसंच.

माझ्या मुलीलाही दमा आहे. तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला जे शिकवलं ते त्या रात्री आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. सलग बोलता येत नाही, मधे श्वास घ्यावा लागतो: निघायचं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, लहान मुलाचं पोट उडतं: निघायचं. निळ्या पंपाने फरक पडत नाही, किंवा पडतो पण चार तासही टिकत नाही: निघायचं. ओठ-जीभ निळसर, राखाडी दिसली किंवा माणूस गुंगीत जायला लागला, तर एक मिनिटही वाया घालवायचं नाही. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये पडला असेल तर लावून बघा, 92 च्या खाली गेला की विचार करत बसू नका. आणि आकडा चांगला आला पण माणूस धापा टाकतोय, तर माणसाकडे बघा.

निघेपर्यंत हात बांधून बसायचं नाही. आडवं करायचं नाही, बसवायचं. निळा पंप स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळकांड्याला) लावून एकेक करत चार दाब, प्रत्येक दाबाला चार श्वास. चार मिनिटं थांबायचं, फरक नाही पडला तर पुन्हा चार. तोवर दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. 2006 मध्ये आमच्याकडे 108 नव्हती, महाराष्ट्रात ती 2014 ला आली. आज आहे! मग आज कसली वाट बघायची?

पंपाची सवय लागते म्हणणाऱ्यांशी भांडून मी थकले आहे. निळ्या पंपातल्याच औषधाची गोळी लोक बिनबोभाट गिळतात. मोठ्या माणसाच्या त्या गोळीत 4 मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांएवढं औषध. पंप भारी औषध म्हणून नको आणि गोळी चालते, हे कुठलं गणित?

पण दादाचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्याला रोज घ्यायचा दुसरा पंप लिहून दिला होता, श्वासनळ्यांची सूज कमी ठेवणारा. त्याने तात्काळ बरं वाटत नाही, म्हणून तो पडून राहायचा. निळा लगेच मोकळं करतो, म्हणून तेवढाच चालायचा, महिन्याला एक संपायचा. निळा पंप नळी तेवढ्यापुरती उघडतो, आतली सूज तशीच राहते. आता डॉक्टर सांगतात की आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त निळा लागला किंवा रात्री दम लागून जाग आली, तर दमा आटोक्यात नाही, भेटायला या. दादाला रोज लागायचा. आणि त्या वर्षी त्याच्यासाठी मुली बघणं चाललं होतं. पाहुणे येणार म्हटलं की आई दोन्ही पंप तांदळाच्या डब्यात लपवायची. "दमेकऱ्याला कोण पोरगी देणार?" आईला दोष देत नाही मी. ती हे आजही आठवते आणि गप्प बसते.

अजूनही आईबाप दमा हा शब्द उच्चारत नाहीत. बाळदमा, अ‍ॅलर्जीचा खोकला, कफ, काहीही चालेल, दमा नको. नावच घेतलं नाही तर रोजचं औषध कोण नेमाने देणार?

हो, मान्य आहे, रात्री दवाखान्यात नेलं की बिल होतं. काही ठिकाणी गरज नसताना दाखल करून घेतात हेही खरं आहे. प्रत्येक खोकल्याला पळत सुटायची गरज नाही, हेही मान्य. साधी घरघर असेल, पंपाने थांबली आणि थांबलेलीच राहिली, तर खुशाल दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटा. पण अक्षराअक्षराला श्वास घेणारं पोर या हिशेबात बसत नाही हो.

रागाचा भर ओसरलाय थोडा. त्या वडिलांचा चेहरा आठवतोय. कामावरून थेट आले असावेत, खांद्याला डब्याची पिशवी तशीच होती. घाबरलेला माणूसही असाच खेकसतो. आमचे काकाही घाबरलेलेच होते.

एक गोष्ट मी आजवर फार कमी जणांना सांगितली आहे. त्या रात्री तीनच्या सुमाराला दादाच्या छातीतली शिट्टी थांबली. आई म्हणाली, "बसला बाई दमा एकदाचा." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दादाने डोळे मिटले होते. मी एकोणीस वर्षांची होते, रात्रभर जागी, मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच भिंतीला टेकून झोपले.

शिट्टी वाजायलासुद्धा नळीतून हवा जावी लागते. त्याच्या छातीत हवाच जात नव्हती, म्हणून आवाज थांबला होता. डोळे थकव्याने मिटले नव्हते, तो गुंगीत जात होता. हे मला कळलं बारा वर्षांनी, मुलीच्या डॉक्टरांकडून, त्यांच्या केबिनमध्ये. मी तिथेच रडायला लागले, त्यांना कारण कळेना.

साडेचारला काकांनी जीप आणली. इस्लामपूर तिथून बारा किलोमीटर. तांबडं फुटलं तेव्हा आम्ही रस्त्यात होतो, आणि दादा गेला होता.

दमेकऱ्याचा आवाज अचानक शांत झाला आणि तो माणूस बोलत नसेल, उठून बसत नसेल, तर कृपा करून "झोपू दे" म्हणू नका. त्याला हलवा, नाव विचारा.

आज मी दुकानातून बाहेर आले तर ते दोघं रिक्षा शोधत होते. आईने माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "ताई, जवळ कुठला दवाखाना रात्री उघडा असतो?" मी सांगितला. वडील काही बोलले नाहीत. रिक्षा मिळाली, गेले. नंबर घ्यायचं मला सुचलं नाही.

आपल्या भागातलं कुणी हे वाचत असेल आणि ते कुटुंब ओळखीचं असेल, तर मला नाव-पत्ता काही नको. पोहोचले का, एवढं फक्त कळवा. कितीही उशिरा कळवलंत तरी चालेल, मी जागी आहे.