गाव दिसतं, पण कुणाचं?

गावावरचा मराठी सिनेमा बघताना माझं लक्ष आधी एकाच गोष्टीकडे जातं. कॅमेरा पाटलाच्या वाड्यावर, पारावर आणि देवळापाशीच घुटमळतो, की गावकुसाबाहेरच्या वस्तीतही जातो? आपल्याकडे कित्येक वर्षं पडद्यावरचं गाव म्हणजे पाटील, सरपंच, मास्तर, तमासगिरीण आणि हसवायला एक गडी. वडार, कैकाडी, पारधी, घिसाडी, मुलाणी ही माणसंही गावातच राहतात, गावाची कामं करतात. सिनेमात मात्र ती जत्रेच्या गर्दीत दिसली तर दिसली.

म्हणून 'फँड्री'चं मोल मला फार वाटतं. १४ फेब्रुवारी २०१४ ला तो थिएटरात लागला, तेव्हा बऱ्याच जणांनी 'एकतर्फी प्रेमाची गोष्ट' म्हणून बघायला सुरुवात केली होती. पण नागराज मंजुळेंनी गोष्ट ठेवली ती कैकाडी घरातल्या जब्याच्या बाजूला. नुसतं 'गरीब घर' म्हणून भागवलं नाही. कोणती जात, घरात काय बोलतात, गाव त्यांना कोणत्या कामाला हाक मारतं, सगळं नेमकं. (याच समाजाला विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीच्या सवलती आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीच्या. यावर आपल्याकडे किती जण बोलतात?)

डुकरं धरायचा तो शेवटाकडचा प्रसंग आठवा. अख्खं घर डुकरामागे पळतंय, गावातली पोरं मॅच बघितल्यासारखी बसून हसतायत, आणि जब्या शाळेतल्या पोरांना, त्याचा जीव जिच्यावर आहे त्या शालूला दिसू नये म्हणून आडोसा शोधतोय. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, घरचेही थांबतात. डुक्कर निसटतं. कुणी भाषण देत नाही, कुणी रडत नाही. शाळेत जे शिकवलं ते त्या पोरानं पाळलं, आणि त्याची किंमत त्याच्याच घराला मोजावी लागली. वाड्याच्या ओसरीवरून हा प्रसंग दिसलाच नसता. तिथून दिसतात ती फक्त डुकरामागे धावणारी माणसं.

प्रतिनिधित्व म्हटलं की लोक लगेच विचारतात, 'मग आता नटाची जात बघायची का?' नाही. जब्याच्या बापाचं काम किशोर कदमांनी केलंय, मुरलेला नट आहे तो. पण त्यांच्या शेजारी उभा आहे सोमनाथ अवघडे, करमाळ्याकडचा हलगी वाजवणारा पोरगा, ज्यानं त्याआधी कधी कॅमेरा बघितला नव्हता. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. असे चेहरे शोधायला कुणीतरी गावोगाव हिंडावं लागतं. आपले बरेच निर्माते तेवढे कष्ट घेत नाहीत आणि मग म्हणतात, तिकडं टॅलेंट नाही. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

'सैराट'मध्ये मला आर्ची-परश्याइतकाच सल्या आवडला. मुसलमान पोरगा आहे, परश्याचा जिवाभावाचा दोस्त आहे, आणि सिनेमा त्यासाठी वेगळं काही समजावत बसत नाही. आमच्याकडच्या प्रत्येक गावात असा एक सल्या असतो. पडद्यावर मात्र तो एक तर अतिरेकी असतो, नाहीतर एकात्मतेवर बोलायला आणलेला भला चाचा.

भाषेचंही तेच. 'आरं', 'व्हय', 'न्हाई' लावलं की झाली ग्रामीण! लातूर-नांदेडकडचा माणूस 'करलालो' म्हणतो, विदर्भातला 'करून राह्यलो', धुळ्या-जळगावात अहिराणी वेगळीच. सगळ्यांना एकच गावठी बोलायला लावणं म्हणजे त्यांचं ऐकायलाच नकार देणं. 'ख्वाडा' या सिनेमानं मेंढपाळ धनगरांची वाट तिथल्याच आवाजासकट दाखवली, त्याच्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे जमतं, जमवायचं ठरवलं तर.

आणि तरी केवढं राहून गेलंय. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्या दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, मुकादमाकडून उचल म्हणून आगाऊ पैसे घेतलेले, लेकरं साखर कारखान्याच्या तळावर. पहाटे अंधारात फडात जाणारी, दिवसभर मोळ्या वाहणारी, मासिक पाळीत कामाला खाडा केला तर पैसे कापले जाणारी बाई. या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, चौकशी समिती नेमली गेली. मला या बाईचा सिनेमा हवाय. बातमीतली बिचारी म्हणून नको. तिला टोळीतली भांडणं असावीत, मैत्रिणी असाव्यात, पोरीला शाळेत ठेवायचा हट्ट असावा, मुकादमाला तोंडावर सुनावायची हिंमत असावी. आणि लिहायला बसायच्या आधी लेखकानं एक अख्खा हंगाम तळावर काढावा. तिथल्या पोरींना कथा सांगायला बसवावं, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं लेखकाच्या नावाशेजारी यावीत.