‘चोराच्या हाती किल्ल्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका दारुड्याचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. दोन नात्यातले, एक शाळेचा आणि एक चक्क सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारींचा. व्यसनातून बाहेर पडलेल्यांना सायबर सुरक्षा शिकवावी, असं कुणी तरी कुठे तरी सुचवलं होतं म्हणे, त्यावरचा हा संताप. मजकूर थोडक्यात असा: एकदा बेवडा तो कायमचा बेवडा. दारूने यांचा मेंदू कामातून गेलेला, असला अभ्यास झेपणार नाही. यांना बँकेच्या सिस्टिमवर बसवणं म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. तसेही पोलीस व्हेरिफिकेशनमध्येच गळतील. आणि ज्यांना स्वतःला सावरता आलं नाही, ते दुसऱ्याला काय वाचवणार? शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

मी 41 वर्षांचा आहे. सव्वाचार वर्षं दारू घेतलेली नाही. दीड वर्षापासून सायबर सुरक्षेचा अभ्यास करतोय, नोकरी अजून लागलेली नाही. नात्यातल्या ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या चुलतभावाला हे सगळं ठाऊक आहे. माझ्यावर रोख ठेवून त्याने तो टाकला नसावा. पण कुणी तरी लक्षात आणून दिल्यावर मागेही घेतला नाही. म्हणून हे उत्तर.

‘एकदा बेवडा तो कायमचा बेवडा.’ गंमत म्हणजे हे आम्हीच म्हणतो. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्याची संघटना. तिच्या मीटिंगमध्ये तीस वर्षं न प्यायलेला माणूसही उभा राहून ‘मी दारुडा आहे’ असंच सांगतो. त्याचा अर्थ एवढाच, की पहिला पेग आपल्यासाठी नाही, आज नाही आणि उद्याही नाही. फॉरवर्डवाल्याने आमचं वाक्य उचललं आणि त्याची जन्मठेप केली. डॉक्टरांच्या लेखी मात्र ही जन्मठेप नाही. मानसिक आजारांच्या डीएसएम-5 या वर्गीकरणात, दारूची ओढ वगळता व्यसनाची बाकी लक्षणं 12 महिने वा त्याहून जास्त काळ दिसली नाहीत, तर त्या अवस्थेला टिकलेली सुधारणा म्हणतात. पुन्हा घसरण्याचं प्रमाण मोठं आहे, ते कशाला लपवू? अमेरिकेतली एनआयडीए ही सरकारी संस्था 40 ते 60 टक्के सांगते. तीच संस्था शेजारी रक्तदाब आणि दम्याचा आकडाही देते, तो यापेक्षा कमी नाही. गोळी चुकवून बीपी वाढवून घेतलेल्या मामांना कुणी ‘कायमचे बीपीवाले, यांना कामावर ठेवू नका’ म्हणत नाही. मीही एकदा स्लिप झालो होतो, सात महिन्यांनी, भाऊबिजेच्या दिवशी. सव्वाचार वर्षं मोजतो ती त्यानंतरची.

‘मेंदू कामातून गेलेला.’ अर्धं खरं आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 जीवनसत्त्वाची तूट होते आणि ती टोकाला गेली तर स्मृतीची कायमची हानी होऊ शकते. असा एक माणूस मी व्यसनमुक्ती केंद्रात पाहिला आहे. सकाळी ओळख करून घ्यायचा, दुपारी पुन्हा नाव विचारायचा. पण सगळ्यांचं तसं होत नाही. दारू पूर्ण थांबली की लक्ष आणि स्मरण पुष्कळांचं महिनोन्‌महिने सुधारत जातं. माझं सांगतो. पहिले तीन महिने पेपरातला एक कॉलम सलग वाचता येत नव्हता. आज 26 बिटांचा सबनेट, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कचा एक तुकडा, दिला तर 64 पत्ते, त्यातले 62 वापरायचे, हे कागद न घेता सांगतो. यात हुशारी नाही, सराव आहे. नववीतला भाचाही सांगतो, आणि माझ्याआधी सांगतो.

सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षेला पदवीची अट नाही. 90 मिनिटं, जास्तीत जास्त 90 प्रश्न, 900 पैकी 750 ला पास. मला पहिल्या वेळी 718 पडले. पुढच्या महिन्यात पुन्हा बसतोय. फीचा आकडा ऐकून बायकोने कॅलेंडरच्या मागे पेनाने हिशेब केला, की याच्या क्वार्टर किती झाल्या असत्या. ‘अडीच महिन्यांच्या,’ म्हणाली, ‘भर.’

आता तिजोरीच्या किल्ल्या. या मुद्द्यावर मला थोडं जास्त बोलू द्या, कारण मी अक्षरशः तिजोरीपाशी बसलेला माणूस आहे. दहा वर्षं एका पतसंस्थेत क्लार्क होतो, पैकी शेवटची चार कॅश काउंटरला. आणि हो, मी पैसे उचलले आहेत. 4,000 रुपये, एका शनिवारी, ड्रॉवरमधून. सोमवारी भरीन असं मनाशी ठरवून. सोमवार उजाडलाच नाही. शनिवारी संध्याकाळीच कॅश जुळवताना फरक आला आणि सापडलो.

चुलतभाऊ म्हणेल, बघा, कबूलच केलं. पण सापडलो कसा, तेही बघा. माझ्या चारित्र्यावर भरवसा ठेवून पतसंस्था चालत नव्हती. दिवसाअखेर दुसऱ्या माणसाने कॅश मोजायची, ही पद्धत होती. तिजोरीला दोन किल्ल्या होत्या, एक कॅशियरकडे, एक मॅनेजरकडे. एकट्याने उघडताच येत नसे. मॅनेजर निर्व्यसनी होते, वारीला जायचे, तरी त्यांच्याकडेही एकच किल्ली. ती पद्धत काय फक्त बेवड्यांसाठी ठेवली होती?

सायबर सुरक्षा म्हणजे बरंचसं हेच. ज्याला जेवढं लागतं तेवढाच प्रवेश द्यायचा. पैसे पाठवण्याची नोंद एकाने करायची, मंजुरी दुसऱ्याने. कोण कधी आत आला, काय उघडलं, याचा लॉग ठेवायचा, आणि तो लॉग त्याच माणसाला पुसता येऊ नये अशा जागी ठेवायचा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार कंपन्यांना हे लॉग 180 दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. ‘झिरो ट्रस्ट’ नावाची जी विचारपद्धत आता सगळीकडे शिकवतात, तिचं सार एका ओळीचं आहे: ऑफिसच्या आत बसलाय म्हणून कुणावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक वेळी तपासा. म्हणजे ज्या क्षेत्राचा पायाच ‘कुणावरही आंधळा भरवसा नको’ हा आहे, तिथे आमच्यावर भरवसा ठेवता येत नाही ही हरकत घेतली जाते आहे.

शिवाय तपासून घेण्याची सवय आमच्याइतकी कुणाला असेल? पहिलं वर्षभर मी घरात पाऊल टाकलं की बायको आधी जवळ यायची, श्वास घ्यायची, मग चहा ठेवायची. पगार तिच्या हाती. एटीएम कार्ड तिच्याकडे. सुरुवातीला अपमान वाटायचा. नंतर कळलं, संशयाने घर मोडत होतं, तपासण्याने टिकलं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये हल्ला झाला, तो आमच्या वर्गात शिकवतात. सुमारे 94 कोटी रुपये गेले, 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. त्यात मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, बँकेच्या एटीएम व्यवहारांना खोटी मंजुरी दिली होती. किल्ली कुणा बेवड्याच्या हाती नव्हती; मंजुरी खरी की खोटी, हे दुसऱ्या बाजूने वेळेत पडताळलं गेलं नाही.

फॉरवर्डवाल्याला माझ्या विरोधात एक चांगलं उदाहरण मात्र मीच देतो. केविन मिटनिक, अमेरिकेतला गाजलेला हॅकर. 1989 मध्ये कोर्टाने त्याला एक वर्ष तुरुंग दिला आणि त्यानंतर सहा महिने उपचार, कॉम्प्युटरच्या व्यसनावर, तेही आमच्या ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या धर्तीवर! उपचार झाले आणि पठ्ठ्या पुन्हा हॅकिंगला लागला. 1995 मध्ये पुन्हा अटक. 2000 मध्ये सुटला आणि मग 2023 मध्ये वारेपर्यंत दोन दशकं कंपन्यांना त्यांच्या भिंतीतली भोकं दाखवण्याचा व्यवसाय केला. यातला कोणता मिटनिक खरा, हे मला विचाराल तर दोन्ही. फॉरवर्डवाला 1995 ला गोष्ट थांबवतो, एवढंच.

‘पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये गळतील.’ हे उत्तर छोटं आहे. पोलीस गुन्ह्यांची नोंद बघतात, दवाखान्याची नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार येतात, आणि त्यातलं कलम 23 उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतं. गुन्हा असेल तर तो दिसणार, आणि लपवू नये. माझ्या नावावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली दारू पिऊन गाडी चालवल्याची एक केस आहे, दंड भरून संपलेली. फॉर्ममध्ये विचारलं की लिहितो. दोन ठिकाणी त्यानंतर फोन आला नाही. तिसऱ्या ठिकाणी मुलाखत झाली, पण निवड झाली नाही, कारण माझं लिनक्स (सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) कच्चं होतं. ते वाजवी कारण आहे.

खरी हरकत घ्यायची तर मेसेजवाल्याने नाइट शिफ्टची घ्यायला हवी होती, ती त्याला सुचली नाही. या क्षेत्रात नवख्याला बहुधा पहिलं काम मिळतं ते चोवीस तास पडद्यावर अलर्ट बघत बसण्याचं, फिरत्या पाळ्यांत. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींपासून सांभाळ, असं आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. पहाटे चार वाजता अलर्टांच्या ढिगापुढे बसलेल्या माणसाकडे यातल्या तीन तरी असतात. मी अर्ज करताना पाळी विचारतो. मंगळवारची मीटिंग बुडेल अशी नोकरी सध्या घेणार नाही. त्यामुळे पर्याय कमी होतात, होऊ देत.

राहिला शेवटचा. ‘स्वतःला सावरता आलं नाही, ते दुसऱ्याला काय वाचवणार.’

ए.ए. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झाली ती एका शेअर दलालाने आणि एका सर्जनने, दोघेही दारुडे. स्वतःची दारू सुटावी म्हणून दुसऱ्या दारुड्याशी बोलायचं, एवढीच त्यांची युक्ती. पुण्यात 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले रुग्णमित्र समुपदेशक म्हणून काम करतात. बुडालेल्याने पोहायला शिकवणं आमच्याकडे नवीन नाही.

पण सायबर फसवणुकीशी याचा काय संबंध? माझ्या मते पुष्कळ, आणि तो संबंध म्हणजे लाज. 2024 या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत 22,800 कोटींहून जास्त रुपये गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. पैसे गेल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला जितक्या लवकर फोन जाईल, तितकी ते पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे लपवलेला प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो. तरी माणसं लपवतात. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये, म्हणजे फोनवरच्या खोट्या पोलिसांच्या धाकात, अडकलेला निवृत्त शिक्षक मुलाला सांगत नाही, व्हिडिओ कॉलवर फसलेला पोरगा बापाला सांगत नाही. मी बाटली कपाटात बुटांच्या खोक्यात ठेवायचो. त्या लपवण्यातली कळ मला ओळखता येते, आणि ‘असं कसं केलंत हो तुम्ही?’ हा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला कोर्सने शिकवलेलं नाही.

गेल्या महिन्यात मीटिंगनंतर चहाला थांबलो होतो. एक रुग्णमित्र, पन्नाशीचे, अकरा महिने न प्यायलेले, माझ्या बाजूला सरकले. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली होती, खरं तर एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. उघडली. खात्यातून 38,000 गेले. कधी? तीन दिवसांपूर्वी. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. मी काही म्हटलं नाही, आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला. माझ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय बंद केलं. मग 1930 लावला, एसएमएसमधले व्यवहार क्रमांक एकेक करून वाचून दाखवले. तीन दिवसांत पैसे दोन खाती ओलांडून गेले होते. आजतागायत एक रुपया परत आलेला नाही.

मग त्यांनी विचारलं, घरी तुम्ही सांगाल का? मी वहिनींना फोन लावला, सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

‘पैशांचं बघू भाऊ,’ म्हणाल्या, ‘पण हे प्यायले नाहीत ना?’

नाही म्हटलं, शेजारीच बसलेत. दुसरा चहा घेतायत.