डोडो आळशी नव्हता

विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक ‘प्रेरणादायी’ संदेश फिरतो आहे. डोडो पक्ष्याने आळसापायी उडणे सोडले, म्हणून त्याचे पंख खुंटले आणि तो नष्ट झाला. बेटांवरचे सगळेच पक्षी असे सुस्तावतात. आणि उत्क्रांती तर कोणी डोळ्यांनी पाहिलेलीच नाही, असे त्यात म्हटले आहे. उदगीरला दहावीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीने हा मजकूर वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आळसाचा दावा सर्वांत निरर्थक आहे. डीएनएच्या तपासणीनुसार डोडोचा सर्वांत जवळचा हयात नातलग म्हणजे निकोबारी कबुतर, आणि ते आजही समुद्र ओलांडून बेटाबेटांवर ये-जा करते. ज्वालामुखीतून वर आलेल्या मॉरिशसवर डोडोचे पूर्वजही उडतच पोहोचले असणार. आळशी पक्षी महासागर ओलांडत नाही. तिथे त्यांची शिकार करणारा एकही जमिनीवरचा सस्तन प्राणी नव्हता. उडण्याचे स्नायू पोसायला शरीराला फार ऊर्जा लागते, त्यामुळे ज्यांचे पंख जन्मतःच थोडे लहान होते त्यांचे तिथे काही बिघडले नाही, उलट वाचलेली ऊर्जा वाढीला आणि प्रजननाला मिळाली. हजारो पिढ्या हेच होत राहिले. न वापरल्याने पंख झिजतात आणि ती झीज पिलांना वारशाने मिळते, हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कच्या वळणाचे मत विज्ञानाने केव्हाच नाकारले आहे. 1598 मध्ये डच खलाशी उतरले, त्यांच्यामागून डुकरे, उंदीर आणि माकडे आली, जमिनीवरची अंडी फस्त झाली आणि 1662 नंतर डोडो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. माणसाने केलेल्या संहाराचा दोष मेलेल्या पक्ष्यावर ढकलणे आणि तेच मुलांना बोधकथा म्हणून शिकवणे मला संतापजनक वाटते.

‘सगळेच पक्षी सुस्तावतात’ हेही खोटे आहे. आपल्याच अंदमान समुद्रातल्या, जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या नारकोंडम बेटावरचा धनेश जगात अन्यत्र कुठेही आढळत नाही आणि तो उत्तम उडतो.

उत्क्रांती कोणी पाहिली, याचे उत्तर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटसमूहातील डॅफ्ने मेजर बेटावर 1973 पासून केलेल्या अभ्यासात आहे. 1977 मध्ये तिथे दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय, हे मराठवाड्याला सांगायला नको. बारीक बिया संपल्या, आपल्याकडच्या सराट्याच्या जातकुळीतली कठीण काटेरी फळे तेवढी उरली, आणि ‘मध्यम भूफिंच’ या बिया खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांपैकी सुमारे 85 टक्के मेले. तगले ते बहुतांशी मोठ्या, जाड चोचीचे, आणि त्यांच्या पिलांच्या चोचीही सरासरीने मोठ्या निघाल्या. 1983 च्या अतिवृष्टीनंतर बारीक बिया मुबलक झाल्या, तेव्हा नैसर्गिक निवडीचा कल लहान चोचींकडे वळला. ही सगळी मोजमापे प्रसिद्ध आहेत.

बेटांवर मोठे प्राणी लहान होतात, हे त्या संदेशातले वाक्य मात्र काही अंशी खरे आहे. सिसिलीत एके काळी जेमतेम मीटरभर उंचीचे हत्ती होते. पण तो अटळ नियम नव्हे. अन्न किती, शत्रू कोण आणि स्पर्धा कोणाशी, यांवर ते त्या त्या बेटावर ठरते.