हात देणाऱ्यांचे हात

रत्नागिरीच्या आमच्या जुन्या जिम्नॅस्ट मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे. फ्लिक, म्हणजे मागे हातांवर जाणारी उलटी उडी, मारताना तिरकी गेलेली एक मुलगी आमच्या सरांनी हवेतच धरली. मुलीला खरचटलंही नाही. सरांचा रोटेटर कफ, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे चार स्नायू, मात्र फाटला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय आणि पुढचे कितीतरी महिने उजवा हात वर जाणार नाही. ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, धन्य ते सर, असे गुरू आता मिळत नाहीत. दुसरा म्हणतो, वय झालं, आता त्यांनी थांबावं.

मला दोन्ही पटत नाही. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत एखाद्या कामगाराचा खांदा गेला तर त्याच्या त्यागाचं कौतुक करून आपण गप्प बसत नाही. यंत्राला गार्ड होता का, भरपाई कोण देणार, हे विचारतो. सरांच्या बाबतीत हे कोणीच विचारलं नाही. हाही कामावर झालेला अपघातच आहे, आणि तो टाळता येण्यासारखा होता.

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते, पेशाने इंजिनियर आहे आणि संध्याकाळी इथल्या क्लबमध्ये लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवायला मदत करते. म्हणून आधी हिशेब मांडते. चाळीस किलोची मुलगी एक मीटरवरून खाली येतेय आणि तिला वीस सेंटीमीटरच्या आत हातांनी थांबवायचंय, तर हातांवर सरासरी जोर येतो तिच्या वजनाच्या सहापट, म्हणजे दोनशे चाळीस किलो. हात लांब करून धरलं तर यातला बराचसा ताण खांद्याच्या त्या चार लहान स्नायूंवर आणि कमरेवर पडतो. मोठा फणस आपण दोरीने उतरवतो, खाली हात पसरून कोणी झेलत नाही.

सपोर्ट देणं म्हणजे झेलणं नव्हे. फ्लिकला एक हात कमरेच्या मागे आणि दुसरा मांडीच्या मागे, तोही मुलगी उडायच्या आधीपासून लागलेला हवा. प्रशिक्षक अगदी जवळ, पाय फाकवून, गुडघे वाकवून, कोपर अंगालगत. पाठीला पीळ न देता पावलं टाकत मुलीबरोबर सरकायचं. तिचं वजन थांबवायचं नाही, फक्त वळवायचं आणि वेग हळूहळू कमी करायचा. हनुवटी मागे, कारण मुलाचं कोपर किंवा टाच पहिल्यांदा तोंडावर येते. अंगठी, कडं, घड्याळ काढलेलं. मुलांइतकाच स्वतःचाही वॉर्मअप झालेला. आपल्याकडे सर घरून स्कूटरवर येतात आणि थेट गादीपाशी उभे राहतात. आणि एकाच संध्याकाळी सगळ्यांना फ्लिक नाही. पन्नासावा सपोर्ट देताना हात थकलेलाच असतो आणि घात तिथे होतो.

आणि ज्या मुलाची तयारी नाही, त्याला नाही म्हणायचं. प्रशिक्षकाला सगळ्यात जड जातं ते हेच. स्पर्धा तोंडावर आलेली, पालक कट्ट्यावर बसलेले, मुलगी म्हणतेय ‘सर, फक्त हात लावा’. जी उडी सरांच्या जोरावरच पूर्ण होते, ती तिला अजून येत नाही. तिला पुन्हा उतरत्या गादीवर पाठवण्यात कमीपणा नाही.

इथे क्लबच्या पगारी प्रशिक्षकाला कायद्याने अपघात विमा असतो. त्याचा हप्ता पूर्णपणे क्लब भरतो आणि कामावर लागलं तर अशा अपघातांसाठीच नेमलेल्या डॉक्टरकडे जायचं असतं. प्रशिक्षकाच्या पहिल्या पातळीच्या परवान्यासाठी पंचेचाळीस मिनिटांचे १२० तास करावे लागतात. मोठ्या मुलांनाही एकमेकांना सपोर्ट द्यायला पद्धतशीर शिकवतात, त्यामुळे सगळा भार एकाच माणसाच्या खांद्यावर येत नाही. १८११ साली बर्लिनमध्ये फ्रीडरिष लुडविग यान यांनी उघड्या मैदानात व्यायामशाळा काढली, तेव्हापासून इथे जिम्नॅस्टिक्सची परंपरा आहे. तरी इथे सगळं गोड नाही. क्लबांना प्रशिक्षक मिळत नाहीत, मुलं प्रवेशाची वाट बघत बसतात. हॉल नगरपालिकेचे आहेत, म्हणजे कराच्या पैशांवर उभे आहेत, आणि हे सगळं उचलून रत्नागिरीत आणता येणार नाही हे मला कळतं.

पण आपल्याकडची अडचण फक्त पैशांची नाही. जून ते सप्टेंबर कोकणातल्या हवेत गादीचं रेक्झिन घामेजतं, हातांना लावायच्या मॅग्नेशियमच्या पांढऱ्या पावडरच्या गुठळ्या होतात आणि ज्याचा पाय घसरायला नको तो सपोर्ट देणाराच घसरतो. सुक्या फडक्याने सपोर्टची जागा पुसायला खर्च येत नाही. जड गाद्या दोघांनी उचलायला खर्च येत नाही. सरांची कंबर आधीपासून दुखतेय ती एकट्याने गाद्या ओढून. पाऊस नसताना भाट्याच्या पुळणीवर, काचा-शिंपले वेचून, कोरड्या वाळूत कितीतरी उड्या सपोर्टशिवाय शिकता येतात.

स्पर्शाबद्दलही बोलायला हवं. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली मुलींचं लैंगिक शोषण केल्याचं उघड झालं, त्यानंतर जगभर पालक सावध झाले आणि ते योग्यच झालं. पण त्यामुळे काही प्रशिक्षक आता हातभर लांबून, घाबरत सपोर्ट देतात, आणि लांबून दिलेला हात मुलाला वाचवत नाही, वर देणाऱ्याचा खांदा मोडतो. वर्गाच्या पहिल्याच दिवशी पालकांना गादीपाशी बोलवावं, हात कुठे आणि का लागणार ते करून दाखवावं, हॉलचं दार उघडं ठेवावं, मुलींसाठी एक ताई सोबत असावी. त्यात मुलगी सुरक्षित राहते आणि सरही.

आता विम्याचं. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला वीस रुपयांत मिळतो, तो प्रत्येकाने काढावाच. पण तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. बरा होणारा खांदा आणि तोवर बुडालेलं मानधन त्यात येत नाही. त्यासाठी कामावर जाता येत नसेल त्या काळात दर आठवड्याला रक्कम देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी लागते, आणि ती काढताना पेशा जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक असाच लिहायला हवा, नाहीतर दावा अडकतो.

ग्रुपवर सरांच्या सत्कारासाठी वर्गणी काढायचं चाललंय. शाल-श्रीफळ जरूर द्या, मीही त्यात आहे. पण ऑपरेशनचा खर्च आणि बुडालेलं मानधन आधी. मग संस्थेला पत्र लिहू: सर आणि त्यांच्या दोन्ही मदतनीस मुलींची पॉलिसी संस्थेच्या खर्चाने, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरलेली. पहिल्या वर्षाचा हप्ता आम्ही बाहेर राहणारे भरू, दुसऱ्या वर्षापासून तो फीमधून यावा. आणि सर परत येतील तेव्हा पहिले काही महिने फक्त सांगायचं काम त्यांचं. हात द्यायला आपल्यातले गावात राहणारे आळीपाळीने उभे राहा. आपल्याला शिकवलंय त्यांनी ते.