भट्टीपेक्षा टाकीची काळजी करा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अणुऊर्जेवर चालणाऱ्या रॉकेटांबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा: ‘अर्ध्या वेळात मंगळ’ हे शीर्षक म्हणजे धूळफेक आहे, असं रॉकेट उडताना फुटलं तर ‘आकाशातून चेर्नोबिल कोसळेल’, आणि इंजिन खरोखर चालत असतं तर अमेरिकेने ते १९७३ साली गुंडाळलं नसतं. शेवटी ‘स्वप्नं विकू नका’ असा सल्लाही आहे.

शीर्षकाबद्दल कान पकडतो. इंजिनाची कार्यक्षमता दुप्पट म्हणजे प्रवास निम्मा, असा हिशेब मी वाचकाच्या गळी उतरवला आणि तो चुकीचा आहे. सर्वांत काटकसरीच्या कक्षेने मंगळ गाठायला साधारण २५९ दिवस लागतात. दिवस वाचवायचे तर निघताना जादा वेग घ्यावा लागतो आणि पोचताना तो उतरवावाही लागतो. दोन्ही टोकांना इंधन जळतं. (या इंजिनात खरं तर काही जळतच नाही; अणुभट्टी हायड्रोजन तापवते आणि तो तापलेला वायू मागे फेकला जातो. पण ‘जळतं’ हा शब्द जिभेवर बसलाय.) त्यामुळे वाचलेल्या इंधनाच्या बदल्यात काही महिने मिळतात, निम्मा प्रवास मिळेलच असं नाही.

आता चेर्नोबिल. तिथे जे पसरलं ते बराच काळ चाललेल्या भट्टीत विखंडनातून, म्हणजे युरेनियमचे अणू फुटून, साठलेले पदार्थ होते. एकदाही न पेटवलेल्या भट्टीत ते जवळपास नसतातच. असतं ते ताजं युरेनियम, आणि युरेनियम-२३५ चा अर्धायुकाल सुमारे ७० कोटी वर्षांचा, म्हणजे किरणोत्सर्ग अगदी संथ. म्हणून जमिनीवरून उड्डाण नेहमीच्या रासायनिक रॉकेटने करायचं आणि भट्टी पुरेशा उंच कक्षेत गेल्यावरच पहिल्यांदा सुरू करायची, असा रिवाज आहे. १९६५ साली अमेरिकेने स्नॅप-१०ए ही छोटी भट्टी अशीच वर नेऊन चालवली. ४३ दिवसांनी विजेचा एक भाग बिघडला, ती बंद पडली आणि आजही सुमारे १,३०० किलोमीटर उंचीवर फिरते आहे.

तुमच्या बाजूचं उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, मीच देतो. सोव्हिएत कॉसमॉस-९५४ हा उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. त्यावरची भट्टी काही महिने चाललेली होती आणि किरणोत्सर्गी तुकडे बर्फाळ प्रदेशात दूरवर विखुरले. पण तो फिरत होता खालच्या कक्षेत. चाललेली भट्टी खाली येऊ द्यायची नाही, हा धडा त्यातून मिळाला.

आणि किरणोत्सर्गाचाच हिशेब मांडायचा तर पुरता मांडू. नासाची क्युरिऑसिटी ही गाडी मंगळाकडे जात असताना तिच्यावरच्या उपकरणाने वाटेतले वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारा किरणोत्सर्ग, मोजले. त्यावरून नुसत्या जाण्यायेण्याच्या साधारण वर्षभरात माणसाला सुमारे ६६० मिलिसीव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) मात्रा मिळेल असा अंदाज निघाला. अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी नासाची मर्यादा ६०० ची आहे. भट्टी आणि माणसं यांच्यामध्ये ढाल, लांबलचक सांगाडा आणि हायड्रोजनची टाकी ठेवता येते. वैश्विक किरण सगळीकडून येतात, त्यांच्यापुढे ढाल फारशी टिकत नाही, दिवस कमी करणं हाच उपाय. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नये.

‘चालत नव्हतं म्हणून बंद केलं’ हे मात्र अजिबात मान्य नाही. नेव्हाडाच्या वाळवंटात या भट्ट्या एकामागून एक चालवून पाहिल्या. डिसेंबर १९६७ मध्ये एक भट्टी सलग तासभर पूर्ण शक्तीवर चालली. १९६९ साली एक अख्खं इंजिन २८ वेळा सुरू करून बंद केलं. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलोची शेवटची फेरी झाली आणि पुढच्याच महिन्यात हा प्रकल्प संपवला. मंगळावर माणूस पाठवायचा बेतच राहिला नव्हता, मग त्याच्या इंजिनावर पैसे कोण घालणार? ड्रॅको या अमेरिकेच्याच अलीकडच्या अणुरॉकेट प्रकल्पाचंही २०२५ मध्ये तेच झालं. मात्र तेव्हा ‘उड्डाणं स्वस्त झाली, मग एवढा खटाटोप कशाला’ हेही एक कारण होतं. हा मुद्दा तुमच्या पदरात टाकतो.

त्या चाचण्यांतली एक गोष्ट मला सारखी आठवते. जून १९६५, भट्टीचं नाव फीबस-१ए. पूर्ण शक्तीवर दहा मिनिटं उत्तम चालली. हायड्रोजनच्या टाकीला पातळी दाखवणारे दोन मापक होते. एक म्हणत होता टाकी संपत आली, दुसरा म्हणत होता पाव भरलेली आहे. किरणोत्सर्गामुळे एक बिघडला होता, पण कोणता ते नियंत्रण कक्षात कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ‘पाव भरलेली’वर विश्वास ठेवला. टाकी रिकामी झाली, भट्टीला थंड ठेवणारा प्रवाहच थांबला, गाभा वितळला आणि त्याचे तुकडे नोझलमधून बाहेर फेकले गेले. भट्टीने तिचं काम चोख केलं होतं. दगा दिला टाकीने.

म्हणूनच म्हणतो, तुम्ही वार केलात तो चुकीच्या जागी. आता हात दाखवून अवलक्षण करून घेतो. या इंजिनाचं बळ हायड्रोजनमध्ये आहे. रासायनिक इंजिनातली ज्वाळा ३,००० अंशांच्या वर जाते, इथला वायू २,००० ते २,४०० अंशांचाच. तरी तो जवळपास दुप्पट वेगाने बाहेर पडतो, कारण त्याचा रेणुभार २ आहे आणि तिकडच्या वाफेचा १८. पण हाच हलकेपणा मुळावर येतो. द्रवरूप हायड्रोजन घनमीटरला जेमतेम ७१ किलो भरतो.

कागदावर मांडून पाहिलं. शेवटी १०० टन यान उरावं आणि त्याचा वेग सेकंदाला ४ किलोमीटरने वाढावा. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनाला सुमारे १४८ टन इंधन लागतं, अणुइंजिनाला (वायूचा वेग ८.८ किलोमीटर धरून) साधारण ५८ टन. इथवर मी लेखात लिहिलं होतं आणि खूश होतो. पण १४८ टन मावतात सुमारे ४०० घनमीटरमध्ये आणि ५८ टन हायड्रोजनला लागतात ८०० हून जास्त. वजन निम्म्याहून कमी, टाकी दुप्पट मोठी. नाकापेक्षा मोती जड. वर ती उणे २५३ अंशांवर राखायची. जाताना ठीक, लगेच वापरून होईल. परतीचा हायड्रोजन मात्र जाण्याचे महिने आणि मंगळापाशी थांबण्याचे महिने, असा दीड-दोन वर्षं उन्हात उडून न जाता टिकला पाहिजे. इतका काळ अवकाशात तो कोणी सांभाळून दाखवलेला नाही.

तेव्हा लेखात दोन बदल केले आहेत. जुन्या शीर्षकावर रेघ मारली, ती दिसेल अशीच ठेवली आहे. आणि परतीच्या प्रवासाच्या परिच्छेदाच्या डोक्यावर लिहिलं आहे: ‘टाकी टिकली तर’.