प्रोग्राम चालो न चालो, सही झाली पाहिजे

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली? अभिनंदन. घरच्यांनी पेढे वाटले असतील, मामांनी लॅपटॉप कबूल केला असेल. लॅपटॉप जरूर घ्या, पण त्याआधी फुलस्केपचा गठ्ठा, दोन निळी पेनं आणि एक काळं पेन घेऊन ठेवा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमधून, म्हणजे त्या सालच्या अभ्यासक्रमातून, बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, डिग्रीला यातलं काय जास्त लागलं ते. पुढचा सगळा तपशील त्याच पॅटर्नचा.

थिअरीचं फार मनावर घेऊ नका. टर्मच्या मधली परीक्षा, इनसेम, ३० मार्कांची; शेवटची, एंडसेम, ७० ची. एंडसेमला आठ प्रश्न येतात, पण जोडीजोडीने: पहिला किंवा दुसरा, तिसरा किंवा चौथा, असे चारच लिहायचे. जोडी एकाच युनिटवरची असते, त्यामुळे अख्खं युनिट सोडता येत नाही, पण युनिटातलं काय सोडायचं ते जुन्या प्रश्नपत्रिका प्रेमाने सांगतात. उरलेलं ज्ञान अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतं. झाली थिअरी.

खरी पदवी मिळते ती टर्मच्या शेवटच्या आठवड्यात, सबमिशनला. स्टाफरूमच्या बाहेर फाइल छातीशी धरून जी रांग लागते, ती म्हणजे तुमचं विद्यापीठ. तिथे एकच चलन चालतं, सही. प्रोग्राम बरोबर असण्याला 'सही' म्हणतात तो हिंदीतला अर्थ विसरून जा. आपल्याकडे सही म्हणजे पानाच्या कोपऱ्यातली लाल रेघ.

राइटअपमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रॅक्टिकलच्या लेखी नोंदीत, काय काय हवं हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतच दिलंय: शीर्षक, पूर्ण केल्याची तारीख, उद्दिष्टं, प्रॉब्लेम स्टेटमेंट, लागणारं हार्डवेअर-सॉफ्टवेअर, थोडक्यात थिअरी, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, टेस्ट केसेस, लागू असेल तर मॅथेमॅटिकल मॉडेल आणि कन्क्लुजन. हे सगळं हाताने. प्रोग्राम आणि त्याचं आउटपुट मात्र सॉफ्ट कॉपीत द्यायचं, त्याचे प्रिंट फाइलला लावायचे नाहीत, कारण पर्यावरण. पुस्तिका याला ग्रीन आयटी म्हणते. सॉफ्ट कॉप्या डीव्हीडीवर घेऊन लॅबमध्ये जपाव्यात, अशीही शिफारस आहे. त्या डीव्हीडीकडे शेवटी येऊ. तोवर पर्यावरणाचा हिशेब करून बघा. एका राइटअपची सहा पानं धरली आणि लॅबचे बारा राइटअप धरले, तर ७२ पानं झाली. टर्मला अशा तीन लॅब धरा. आणि प्रोग्रामचं एक पान छापलं नाही, म्हणून झाडं वाचली.

राइटअप लिहायचा नसतो, छापायचा असतो, म्हणजे दुसऱ्याच्या फाइलवरून उतरवायचा. मूळ फाइल निवडताना अक्षर बघू नका, पिढी बघा. टॉपरची फाइल पहिल्या पिढीची, तिच्यावरून उतरवलेली दुसऱ्या. चौथ्या-पाचव्या पिढीला पोचेपर्यंत बायनरी सर्च या शोधपद्धतीतून 'यादी आधी क्रमाने लावून घ्या' ही पायरी गळालेली असते आणि तो विस्कटलेल्या यादीवर बिनबोभाट चालतो. फ्लोचार्टमधल्या डायमंडमधून 'हो' आणि 'नाही' असे दोन बाण निघायला हवेत. पाचव्या पिढीत एकच निघतो. प्रश्न विचारला आहे, उत्तर कुठलंही असो, वाट तीच. हार्डवेअरच्या रकान्यात 'पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम' दिसलं तर मात्र हात आवरा. ती फाइल वडिलोपार्जित आहे.

तारखा हे वेगळं शास्त्र आहे आणि निम्मी जनता इथेच पकडली जाते. तुमच्या बॅचचं प्रॅक्टिकल गुरुवारी असेल तर इंडेक्समधली प्रत्येक तारीख गुरुवारचीच हवी. भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवा आणि समोर ठेवून बसा. बेसावध माणूस गुरुवार मोजत जातो आणि २ ऑक्टोबर २०२५ घालून मोकळा होतो. वार अगदी बरोबर, पण त्या दिवशी गांधी जयंती आणि दसरा एकदमच आले होते. सोनं लुटायच्या दिवशी तुम्ही लॅबमध्ये लिंक्ड लिस्ट उलटी करत होतात, हे मॅडमना पटवणं अवघड जाईल. बाराच्या बारा तारखा एका बैठकीत एकाच पेनाने घालू नका. दोन निळी आणि एक काळं पेन आणायला सांगितलं ते उगाच नाही.

मॅथेमॅटिकल मॉडेलला घाबरू नका. पुण्याच्या कॉम्प्युटर विभागांत पिढ्यानपिढ्या एक सूत्र चालत आलंय, ते तसंच्या तसं उतरवायचं. मोठा एस म्हणजे सिस्टिम. महिरपी कंसात लहान एस म्हणजे सुरुवात, ई म्हणजे शेवट, एक्स इनपुट, वाय आउटपुट, एफ फंक्शन, डीडी म्हणजे निश्चित डेटा आणि एनडीडी म्हणजे अनिश्चित डेटा. दोन आकड्यांची बेरीज असो की शेतकऱ्यांसाठी पीक सल्ला देणारं ॲप, सूत्र बदलत नाही. एनडीडीत काय येतं असं कुणी विचारलं तर 'युजर' म्हणा. बहुतेक वेळा खपतं.

आता नाइलाजाने कॉम्प्युटर सुरू करायची वेळ. दुसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ६४ बिटचे पाच हेक्साडेसिमल आकडे घेऊन ॲरेमध्ये ठेवायचे आणि परत दाखवायचे, अशी एक असाइनमेंट असते. ग्रुपवर आलेला प्रोग्राम नॅझम नावाच्या असेंबलरने असेंबल करा, लिंक करा, चालवा. पहिली गंमत अशी, की आकडे एकमेकांत सांडतात. ६४ बिटच्या आकड्याला १६ हेक्स अंक लागतात, पण तुम्ही एंटरही दाबता आणि तोही एक बाइट खातो. वाचायची लांबी १७ हवी. ग्रुपवरच्या प्रोग्राममध्ये ती १६ असते, म्हणून उरलेला एंटर पुढच्या आकड्याच्या वाट्याला येतो.

दुसरी गंमत जास्त रसाळ आहे. प्रोग्राम पाच आकडे घेऊन थांबत नाही, मागतच राहतो. मोजणीसाठी आरसीएक्स रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या एका कप्प्यात) पाच भरलेले असतात आणि लूप ही सूचना दर फेरीला त्यातून एक वजा करते, इथवर ठीक. पण मधे आकडा वाचायला सिसकॉल येतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला घातलेली हाक. त्या वेळी प्रोसेसर परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि फ्लॅग्ज आर११ मध्ये ठेवतो, आधी तिथे काय होतं याची विचारपूस न करता. परत आल्यावर तुमच्या पाचाच्या जागी मेमरीतला पत्ता बसलेला असतो, साधारण ४२ लाखांच्या घरातला. दर फेरीला तोच पत्ता पुन्हा बसतो, म्हणून मोजणी शून्यावर कधी येतच नाही. मोजणी आरबीएक्समध्ये ठेवली किंवा सिसकॉलच्या आधी आरसीएक्स स्टॅकवर पुश करून नंतर पॉप केला, की दुखणं संपतं. दोन ओळींचं काम. पण तुम्ही त्या फंदात पडू नका. पाच आकडे झाले की कंट्रोल-सी दाबा आणि स्क्रीनशॉट पाचव्या ओळीखाली कापा. कापताना प्रॉम्प्टवर दुसऱ्याच कुणाचं नाव राहिलं नाही ना, तेवढं बघा. आउटपुट तुमचं आणि युजरनेम शेजारच्या बेंचवरच्याचं, हा प्रकार दरवर्षी घडतो.

तिसऱ्या वर्षी पायथन पुन्हा भेटतं आणि जीव भांड्यात पडतो. पीडीएफमधून प्रोग्राम उचला आणि चिकटवा. चालला नाही? चालणार नाहीच. टाइप करताना वर्डने सरळ अवतरणचिन्हांची वेलबुट्टीदार चिन्हं करून ठेवली आहेत आणि पायथन त्यांना 'अवैध अक्षर' म्हणून दारातूनच हाकलतं. शिवाय पीडीएफने ओळींच्या आधीची मोकळी जागा गिळली आहे, आणि पायथनचं सगळं व्याकरण त्या मोकळ्या जागेतच असतं.

डेटा सायन्सच्या लॅबमध्ये बॉस्टनच्या घरांच्या किमतींचा अंदाज बांधायचा असतो. ५०६ नोंदी, बॉस्टनच्या. पुण्यातल्या घरांच्या किमतींचा अंदाज कुणालाच येत नाही, हे लक्षात घेऊन बहुधा ही सोय केली असावी. पुस्तिका हा डेटा कॅगल या साइटवरून घ्या म्हणते, पण सिनियरचा प्रोग्राम तो पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीतून थेट मागवतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपासून त्यांनी तो काढून टाकलाय, कारण वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून घराची किंमत धरणारा एक रकाना त्यात आहे. गंमत म्हणजे हे सगळं खुद्द एररमध्येच लिहून येतं, मूळ डेटा कुठून घ्यायचा त्याच्या कोडसकट. अख्ख्या टर्ममध्ये इतकं सविस्तर कुणी काही समजावून सांगितलं नसेल. वाचू नका. एरर लाल रंगात आहे, म्हणजे ती वाचायची नसते. जुनी आवृत्ती बसवायचा प्रयत्न करा. नव्या पायथनवर ती धड बसत नाही, यात दुपार जाईल. मग सिनियरच्याच आउटपुटचा फोटो लावा.

आयरिसच्या फुलांच्या डेटावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवा. १५० फुलं, तीन जाती, प्रत्येकी ५०. त्यातली ३० चाचणीला बाजूला काढा आणि रँडम स्टेट, म्हणजे कुठली ३० निघणार ते ठरवणारा आकडा, ४२ द्या. ४२ का, हे विचारायचं नसतं, अख्खा वर्ग ४२ देतो. म्हणून अख्ख्या वर्गाची अचूकता शेवटच्या दशांशापर्यंत सारखी येते आणि सगळ्यांचं कन्क्लुजनही एकच: 'अशा प्रकारे आम्ही मशीन लर्निंगचा यशस्वी अभ्यास केला.'

हल्ली चॅटबॉट आहे, मग छापाछापी कशाला, असं वाटेल. वापरा की. फक्त तो खाली शेवटी 'इफ नेम इक्वल्स मेन' अशी दोन्हीकडे अंडरस्कोर लावलेली एक ओळ घालून देतो. ती घालवा, नाही तर अर्थ पाठ करा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, नेमकं तिथेच बोट ठेवतात.

ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नंबर जेवणानंतरचा लागेल असं बघा. सकाळी एक्स्टर्नल ताजे असतात आणि 'आरसीएक्स का बदलला?' असलं काहीबाही विचारतात. दोननंतर त्यांच्यासमोर ४० फाइली आणि सुस्ती, दोन्ही असतात. मग प्रश्न स्टॅक आणि क्यूमधल्या फरकावर येतो. ताटांची चवड आणि एसटीच्या तिकिटाची रांग, एवढी उदाहरणं पुरतात. प्रॅक्टिकलच्या चिठ्ठीत अवघड प्रोग्राम आला तर उत्तर थेट प्रिंट करणाऱ्या चार ओळी लिहा. इनपुट बदलून दाखवायला सांगितलं की मशीन हँग झालं म्हणा. कॉलेजच्या लॅबमधलं मशीन हँग झालं, यावर अविश्वास दाखवणारा एक्स्टर्नल अजून जन्मायचाय.

राहता राहिला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. चार जणांचा ग्रुप करायचा आणि रिपोर्टात खर्चाचा अंदाज कोकोमोने काढायचा. बॅरी बोहमने १९८१ साली मांडलेलं हे मॉडेल. सगळे सूत्र उतरवतात, आकडे कुणी घालत नाही, आणि तेच शहाणपणाचं आहे. घालून बघायचेच असतील तर प्रोजेक्ट दोन हजार ओळींचा धरा. ओळी हजारांत मोजतात, म्हणून साध्या प्रोजेक्टला २.४ गुणिले दोनचा १.०५ वा घात, म्हणजे साधारण पाच मनुष्य-महिने. कालावधी २.५ गुणिले पाचचा ०.३८ वा घात, म्हणजे साडेचार महिन्यांच्या थोडं वर. भागाकार करा, माणसं लागतात एक. बाकी तिघांचं काय करायचं ते बोहमने सांगितलेलं नाही, पण ग्रुपला ते न सांगता कळतं. एक प्रोग्राम लिहितो, एक पीपीटी करतो, एक बाइंडिंगवाल्याकडे जातो आणि चौथा सर कुठे आहेत ते बघून येतो.

रिपोर्टाच्या परिशिष्टात तुमचा प्रश्न पी (कॉम्प्युटरला वाजवी वेळात सुटणारा), एनपी-कम्प्लीट की एनपी-हार्ड (तसा सुटेल की नाही हे कुणालाच माहीत नसलेला), हे सिद्ध करावं लागतं. हॉस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवणाऱ्या वेबसाइटबद्दलही. 'आमचा प्रोजेक्ट पी प्रकारचा आहे, कारण तो वेळेत पूर्ण झाला,' असं लिहा. जागतिक गणितज्ञांना न सुटलेला प्रश्न आणि तुमचं सबमिशन एकाच पानावर मिटून जातात. पुढच्या परिशिष्टात पेपर प्रकाशनाचा तपशील. पैसे भरले की दुसऱ्या दिवशी 'आंतरराष्ट्रीय' सर्टिफिकेट पाठवणारी नियतकालिकं आहेत, तुमच्या ईमेलवर ती आपणहून येतील. त्यानंतर प्लेजरिझम रिपोर्ट. टक्केवारी जास्त आली तर 'आहे'च्या जागी 'असल्याचे दिसून येते' अशा धर्तीवर इंग्रजी फिरवून घ्या.

डेमोच्या आदल्या रात्री गाइडना लोकलहोस्टची लिंक पाठवू नका. ती तुमच्याच मशीनवर उघडते, त्यांच्या मशीनवर काहीच दिसत नाही, आणि 'सर, माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य त्यांनी फार वेळा ऐकलंय. ब्लॅक बुकच्या, म्हणजे बाइंडिंग केलेल्या रिपोर्टाच्या, सोनेरी अक्षरांचा साचा लावण्याआधी स्पेलिंग तीनदा बघा. आतल्या ९० पानांतल्या चुका कुणाला दिसत नाहीत, कव्हरवरचं 'मॅनजमेंट' लायब्ररीत कायम राहतं.

मग नो ड्यूजचा फॉर्म हाती येतो. लायब्ररी, जिमखाना, अकाउंट्स, वर्कशॉप अशा सह्या गोळा करत तुम्ही लॅब असिस्टंटपाशी पोचता, आणि ते म्हणतात, डीव्हीडी कुठंय? हीच ती पर्यावरणवाली. तुमच्या लॅपटॉपला डीव्हीडीचा खाचा नाही, मित्राच्याही नाही. घाबरू नका. स्टेशनरीवाल्याकडून एक कोरी घ्या. लॅबमधल्या मशीनलाही ड्राइव्ह उरलेला नाही, उघडून कुणी बघणार नाही. फक्त वर मार्करने नाव, रोल नंबर आणि बॅच ठळक लिहा, आणि शाई वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका. पुसलं गेलं तर सही मिळत नाही.